मेणबत्त्यांच्या टेबलामागून

स्वानेतीच्या डोंगरात आमचं चर्च एवढंसं आहे.
आत वीस माणसं उभी राहिली
की एकविसाव्याचा श्वास बाहेर राहतो.
दाराशी माझं टेबल. पिवळ्या, काडीएवढ्या मेणबत्त्या,
सुट्ट्या पैशांची पत्र्याची डबी.

नाझिब्रोला दर रविवारी येते.
डोक्याला काळा रुमाल, खांद्यांवर बर्फ.
नाणी मोजून देते, मेणबत्ती घेते, पेटवत नाही,
आणि वेदीकडे पाठ करून उभी राहते.
अकरा हिवाळे झाले.

पहिल्या वर्षी फादर बेसारिऑननं तिला समजावलं,
देवानं माणसाला मोकळं सोडलंय, बाई,
मोकळीक नसती तर प्रेमही नसतं.
ती म्हणाली, करवत चालवणाऱ्याला होती मोकळीक.
माझी त्सिउरी बाकावर बसून
सातचा पाढा म्हणत होती.
तिच्या वाट्याला कुठली आली?
फादर म्हणाले, त्याची योजना आपल्याला दिसत नाही.
ती म्हणाली, मला दिसली.
फावड्यानं उकरून काढली.

त्यानंतर फादर तिच्याशी देवाबद्दल बोलले नाहीत.
नाताळात चीज पाठवतात. ती घेते.

मी नाणी रचत होतो, एकावर एक.
प्रश्न वर जात होता, घुमटापाशी,
जिथे रंग उडालेला ख्रिस्त दोन बोटं उचलून उभा आहे,
आणि कान माझे तापत होते.

शाळेच्या वरच्या उतारावरचे फर
आम्ही सहा जणांनी पाडले,
मुर्झाकानच्या ट्रकात भरले.
त्या पैशांत मी छपराला नवे पत्रे घातले,
मुलीच्या लग्नात दोन बैल कापले.
फेब्रुवारीत कडा सुटला.
बर्फाला झाडं धरून ठेवतात
हे मला आजोबांनी सांगितलं होतं,
तेव्हा माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही.

देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात.
करवतीला असतो.
सबंध खोऱ्यानं तो महिनाभर ऐकला
आणि खिडक्या लावून घेतल्या.

करावं तसं भरावं, असं ज्यानं कोणी म्हटलं
त्यानं कधी वही ठेवली नसावी.
केलं आम्ही. भरलं नऊ पोरांनी.
माझे पत्रे अजून गंजलेलेसुद्धा नाहीत.

त्याच्या जागी मी असतो
तर मी मला थांबवलं असतं.
हात मोडला असता. निदान ताप दिला असता चार दिवस.
रात्री असं म्हणतो, आणि मग आठवतं:
पहिल्याच सकाळी साखळी दोनदा तुटली होती.
मुर्झाकान हसला, दुसरी आणा म्हणाला.
मीच गेलो आणायला.
येताना शाळेवरून आलो, मधली सुट्टी होती,
एक चेंडू पायाशी आला, एका मुलीनं मागितला, मी दिला.
कोण होती, पाहिलं नाही.

ती जर त्याची हाक असेल
तर फार हळू मारली.
आणि मी बहिरा नव्हतो.
ही दोन वाक्यं मी शेजारी शेजारी ठेवतो,
एकानं दुसरं खोडलं जात नाही.

गेल्या रविवारी तिला सांगितलं,
त्या सहांत मी होतो.
ती नाणी मोजत होती. मोजणं चुकलं नाही.
म्हणाली, ठाऊक आहे. तुझं छप्पर लांबून चमकतं.
मग म्हणाली, आधी त्याला विचारतेय.
त्याचं उत्तर आलं की तुझ्याकडे येईन.
तोवर मरू नकोस.

प्रार्थना सुरू झाली. ती नेहमीसारखी वळली.
मला इतकी वर्षं वाटत होतं
ती देवाकडे पाठ करते.
तिचं तोंड कुठे होतं ते मी बघितलंच नव्हतं:
टेबल, टेबलामागे मी, माझ्यामागे उघडं दार,
दारात तो उतार, बर्फाच्या टोप्या घातलेले बुंधे.

मुठीतल्या उबेनं तिची मेणबत्ती वाकली होती.
मी दुसरी पुढे केली.
तिनं पैसे दिले.