पाव इंच माया

माझ्या हातात करवत बघून
रहिमतपुरात आधी हसला तो हुसेन मुलाणी.
"ताई, हे काय, मिक्सर का?"
पेट्रोलचं धूड खांद्यावर टाकून
तो निघाला होता स्टेशन रोडची बाभळ पाडायला.
म्हटलं, खेळणंच आहे. सहा इंची पट्टी,
दोन बॅटऱ्या, वजन दीड किलो.
दिवाळीच्या आधी माझी कात्री याहून जड होते.

घेतली शेवग्यासाठी.
फांदी शेजारच्या पत्र्यावर टेकली होती,
वारा सुटला की रात्रभर
कुणीतरी नखानं पत्रा खरवडतंय.
माणूस सांगितला तर पाचशे रुपये,
आणि येणार गुरुवारी.
कुठल्या, ते सांगत नाही.

पहिलाच घाव चुकला.
खोडाला चिकटून, वरनं खाली, एका दमात.
निम्म्यात फांदी आपल्याच वजनानं मोडली
आणि साल उसवत गेली हातभर,
चुकीचा धागा ओढल्यावर बाही उसवते तशी.
सकाळी तिथं डिंकाचे तांबूस मणी.
तीस वर्षं ब्लाउज शिवतेय,
एकाही गिऱ्हाइकापुढं इतकी खाली मान नव्हती गेली.

मग हुसेननंच दाखवलं.
"आधी खालनं जरासं. मग वरनं.
आन् खोडापाशी ही वळी दिसती का, गळ्याला पडती तशी?
तिच्या भायेर ऱ्हायाचं.
ती ठिवली की जखम झाड आपली आपण भरतं."

म्हणजे माया सोडायची!
शिवणीच्या बाहेर पाव इंच,
पुढंमागं अंग भरलं तर उसवून सैल करायला.
एवढं एका शब्दात सांगायचं की, बाबा.

आता गल्लीतनं बोलावणी येतात.
कढीपत्ता, पेरू, संडासाच्या खिडकीत घुसलेली जास्वंद.
तारेला लागलेली फांदी मी करत नाही,
ती वायरमनची.
पैसे घेते, फॉल-पिकोएवढे.
मोरचूद-चुन्याचा लेप वरनं फुकट.
चष्मा लावते, पदर खोचते,
आधी अंगठ्यानं खटका, मग घोडा,
कुर्रर्र, आणि थांबते.
थांबलं की लगेच साळुंक्या पुन्हा बोलायला लागतात,
हे मला फार आवडतं.

प्लॉटिंगवाले कणसे एकदा म्हणाले,
"हा लिंब पण होईल का, हळूहळू, रोज थोडा थोडा?"
मी पट्टी खोडाला लावली, टेप लावतात तशी.
म्हटलं, नाही बसत. तुमच्या मापाचं नाही माझ्याकडं.

यंदा चैत्रात हुसेन आला, रिकाम्या हातानं.
थंडीत बोटं पांढरी पडतात म्हणाला,
मुंग्या येतात, सकाळी शर्टाचं बटण लागत नाही.
मोठं यंत्र भाच्याला देऊन टाकलं.
"दारातलं डाळिंब तेवढं करायचंय.
तुमचा मिक्सर द्याल का?"

मीच गेले घेऊन.
चार फांद्या झाल्या आणि पाचवीत, बरोब्बर निम्म्यात,
बॅटरी संपली.
दुसरी तर चार्जच केली नव्हती मी,
सकाळभर प्लगला इस्त्री होती.

त्याच्या ओट्यावर चार्जर लावून बसलो.
"एवढ्या येळात मी आख्खी बाभळ आडवी केली आस्ती,"
तो म्हणाला.
मग बराच वेळ काही बोलला नाही.
एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं
एकेक करून दाबत राहिला.
शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती
आणि तिसरं चुकीच्या काजात.

मी म्हटलं, उद्या शर्ट आणून टाका सगळे.
काजं मोठी करून देते.

तो चार्जरकडं बघत होता.
दिवा अजून लालच होता.