अलाउन्स

आमच्या हातातली पट्टी खोटी असते, मॅडम.
बाजारातल्या पट्टीपेक्षा जरा लांब,
फुटामागं एक सूत.
ओतलेलं बीड गार होताना आकसतं,
तेवढं आधीच धरून सागवान कोरायचं.
त्या सुताला आम्ही अलाउन्स म्हणतो.

मघाशी तुम्ही म्हणालात, 'तीन महिने अलाउन्स मिळेल',
तर माझा हात आपसूक
मागच्या खिशाकडं गेला.

नाव : सर्जेराव ज्ञानू सुतार.
काम : पॅटर्न मेकर, शिरोली.
किती वर्षं : एकोणतीस.
काम गेल्याचं कारण.
इथं चार चौकोन आहेत.
राजीनामा नाही. निवृत्ती नाही. शिस्तभंग तर नाहीच,
एकदा फक्त जेवणाच्या सुट्टीत
फिटरशी कुस्तीवरनं वाद झालेला.
चौथा चौकोन : उत्पादन परदेशी हलवले, पुरावा जोडा.

पुरावा.
कंपनीच्या गेटला कुलूप आहे,
कुलपाला वॉचमन आहे,
वॉचमनला काही माहीत नाही.

माझ्याकडं हा एक कागद आहे बघा.
पॅकिंग लिस्ट. एकेचाळीस खोकी.
मीच भरली ती, पंधरा दिवस लागले.
पंपाच्या बॉडीचे साचे, व्हॉल्व्हचे, गिअरबॉक्सचे,
एकेक पुसून, पेंढ्यात निजवून.
इलाही मुल्लाणी वरनं खिळे मारत होता.
खोक्यावर लिहिलेलं, हायफाँग.
तो म्हणाला, हे कुठं आलं, मिस्त्री?
म्हटलं, सांगलीच्या पुढं.
हसलो दोघं. मग बराच वेळ
नुसते खिळेच वाजत होते.

खाली ही सही माझी.
माझं काम माझ्याच सहीनं गेलं,
हे चालेल का पुरावा म्हणून?

तुम्ही म्हणताय, मूळ प्रत पाहिजे.
मूळ प्रत खोक्यांबरोबर गेली.
ही खालची, निळ्या कार्बनची. रेघा पुसट आहेत
कारण वरच्या कागदावर मी हलका हात ठेवला होता.

तीनशे अठरा नंबरच्या साच्यात
एका कोपऱ्याला मी मेण भरलंय.
ड्रॉइंगमध्ये नाही ते.
तिथं बीड तडकायचं, दहातले तीन जॉब भंगारात जायचे,
म्हणून अंगठ्यानं गोलाई दिली.
हायफाँगचा मिस्त्री तिथं बोट फिरवेल,
थांबेल जरा.
त्यालाही घरी कोणी वाट बघत असेल.
त्याच्यावर राग काढायला गेलो
तर राग येतच नाही, काय करू.

प्रशिक्षणाची यादी वाचली.
मोबाइल दुरुस्ती, सीसीटीव्ही, बेकरी.
इलाहीनं बेकरी घेतली.
म्हणाला, साचा तो साचाच,
आता लोखंडाऐवजी पाव.
मला विचाराल तर माझं वय त्रेपन्न,
चष्म्याचा नंबर दोनदा बदलला यंदा,
त्या मोबाइलमधला स्क्रू
मला स्क्रू वाटतच नाही.
तरी लिहा. मोबाइल लिहा.
रिकामं ठेवलं तर अर्ज परत येतो म्हणं.

बाहेर झेरॉक्सवाला दोन रुपये घेतो एका पानाचे.
त्याच्याकडं आमच्या कंपनीची एवढी माणसं येऊन गेली
की कार्ड बघूनच तो विचारतो,
मोल्डिंग का फेटलिंग?
पॅटर्न म्हटल्यावर त्यानं पैसे घेतले नाहीत.
का, ते मी विचारलं नाही.

पोचपावती मिळाली. नंबर सहाशे बारा.
पंचेचाळीस दिवसांनी चौकशी करा.

परवा छबू म्हणाली, घरात बसलाच आहात
तर भिंतीतल्या कपाटाला एक फळी करा,
पोरीची पुस्तकं खाली पडतात.
माप घेतलं साध्या टेपनं,
कापताना हातात आली ही.
तीन फुटांची फळी, तीन सुतं जास्त.
बसेना.
लाकूड काय गार होणार, काय आकसणार.

रंधा मारत बसलो मग.
छबू भुसा झाडत होती,
झाडता झाडता म्हणाली,
अहो, थोडं राहू दे की जास्तीचं,
असतं कामाला.