लोण्याच्या कप्प्याशेजारी

फ्रिजमध्ये, लोण्याच्या कप्प्याशेजारी
मार्लिसचं पेन असतं.
लिहीत नाही ते, टोचतं,
दर दुसऱ्या गुरुवारी.

आधी अर्धा तास टेबलावर काढून ठेवायचं,
गार औषध जास्त झोंबतं.
तोवर ती बसते बोटं मोजत :
आज किती मिटतात, किती नाही.

डुलुथमध्ये जानेवारी म्हणजे
बंदरात हातभर बर्फ
आणि विम्याचं वर्ष पुन्हा शून्यावर.
फोनवरची बाई गोड बोलली,
मग आकडा सांगितला.
मार्लिसने तो लिफाफ्यावर लिहिला,
शेजारी स्कूलबसचा पगार.
वजाबाकी केली नाही. दिसतच होती.

तेव्हापासून दुसरा गुरुवार
तिसरा झाला.
‘डॉक्टरच म्हणाले,’ तिने नवऱ्याला सांगितलं.
व्हर्लिन बूट पुसत राहिला.

परवा पहाटे, उणे वीस,
बसच्या दाराचा दांडा ओढताना
हात मध्येच अडला.
अर्ध्या उघड्या फटीतून टिली, पहिलीतली,
हातमोजा काढत म्हणाली,
‘मी ढकलू?’

आणि ढकललं तिने,
जोर लावून, जीभ बाहेर काढून.

त्या रात्री फ्रिज उघडला,
तर पेनाच्या खोक्याखाली एक पावती.
बर्फात भोक पाडून मासे धरायची
व्हर्लिनची झोपडी,
त्याच्या वडिलांनी ठोकलेली, स्टोव्हसकट
विकली.

ती दार धरून उभी राहिली.
काय म्हणावं ते सुचेना.
फ्रिजचा दिवा पायांवर पडलेला.

‘लाव ते दार,’ आतल्या खोलीतून आवाज आला,
‘औषध तापेल.’