मूस

पहाटे साडेपाचला शर्वाणीचा फोन.
तिच्याकडे, युकॉनमध्ये, अजून कालचीच संध्याकाळ.
"काका, परवाना आला. एक मूस.
आता बंदूक सांग. कॅलिबर कुठलं घेऊ?"

मला आधी हसूच आलं.
मूस म्हणजे आमच्याकडे लोखंडी, चिमट्यासारखी,
बाबा तिच्यात शिसं ओतायचे
आणि थंड झाली की पायरीवर आपटायचे,
पडायच्या गोळ्या, टपोऱ्या बोरांएवढ्या, अजून कोमट.

तिनं फोटो पाठवला.
सांबराला रेड्याचं अंग, उंटाचं तोंड,
डोक्यावर दोन उघडी सुपं.
वजन विचारलं. पाचशे किलो.
घोडबंदर रोडला कुठल्याही साइटवर
सिमेंटच्या दहा गोणी रचलेल्या बघ,
आणि त्या गवत खाताहेत असं समज.

दुकानदार म्हणतो, तीनशे अडतीस मॅग्नम.
शेजारचा म्हणतो, तीनशे पंचाहत्तरच,
तिथं अस्वलं आहेत.
एक पोरगी म्हणते, थर्टी-नॉट-सिक्स पुरे.
हे नाव तरी ओळखीचं,
आमच्या थ्री-नॉट-थ्रीच्या चुलत घरातलं.

अठ्ठेचाळीस वर्षं मी नळ्या पुसल्या.
शहापूरच्या, मुरबाडच्या ठासणीच्या बंदुका,
दस्त्याला तार गुंडाळलेल्या,
निवडणूक आली की पोलिसांत जमा
आणि परत येताना गंज घेऊन येणाऱ्या.
जांभळी नाक्याच्या आत, छत्रीवाल्याच्या पाठीमागे,
पाटीवर अजून 'बंदूक दुरुस्ती' आहे,
आत किल्ल्या बनवतो.

जनावरावर चाप एकदाच ओढला.
बहात्तरच्या कायद्याआधी, येऊरच्या उतारावर,
कोलशेतच्या जनू भोईरबरोबर.
बारा बोअर होती, भरपूर दारू होती,
आणि मला धक्क्याची भीती होती.
चाप ओढायच्या आधीच डोळे मिटले.
डुक्कर गेलं.
पळसाच्या पानांवर थेंब, मग एक दगड ओला,
मग काहीच नाही.
तिसऱ्या दिवशी वासानं सापडलं.
जनू बोलला नाही. घरी पोचेपर्यंत,
आणि नंतरही त्या विषयावर कधीच.

म्हणून शर्वाणी, ऐक.
मोठं जनावर मोठ्या गोळीनं मरतं
हे अर्धंच खरं आहे.
मरतं ते गोळी जिथं लागते तिथून.
तुझा उजवा खांदा दोनदा निखळलाय,
घंटाळीच्या मैदानावर, खो-खोत,
दोन्ही वेळा रिक्षातून मीच नेलं होतं तुला.
तो खांदा मॅग्नमला विसरणार नाही,
आणि दुसऱ्या गोळीला डोळे आपोआप मिटतील.
थर्टी-नॉट-सिक्स घे. एकशेऐंशी ग्रेनची गोळी, चांगल्या बनावटीची.
वाचलेल्या पैशांची काडतुसं घे
आणि कागदावर उडव, खूप उडव,
उभी राहून, बसून, दम लागलेला असताना.
पुढच्या पायामागे, खालच्या तिसऱ्या हिश्शात.
शंका आली तर बोट बाहेर.
आणि पाण्यात उभा असेल तर नाहीच.
दहा गोण्या पाण्यातून कोण ओढणार?

"अस्वल आलं तर?"
ते मला माहीत नाही, म्हटलं.
ठाण्यात बसून अस्वलाबद्दल कसं बोलू?
तिथल्या माणसांना विचार. म्हाताऱ्यांना.

ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, आम्ही तिघी आहोत,
हिवाळाभर पुरेल, विकत परवडत नाही.
मी म्हटलं, मी कुठं विचारलं?

फोन ठेवला.
खालच्या खणात, जुन्या स्प्रिंगांखाली, मूस होती.
दोन्ही पाती गंजानं एकमेकींना चिकटलेली.
तेल सोडून ठेवलंय.
साडेनऊला एक बाई आल्या,
कपाटाची किल्ली हरवली होती,
त्यांना विचारलं, कुलूप कुठलं, किती दाताचं?
त्या म्हणाल्या, मोठं आहे हो, खूप मोठं.