आता

कराकल्पाक भाषेत आजोबांना 'आता' म्हणतात.
झीवार अंगणातून हाक मारते, "आता!"
आणि मी, गाळातलं मीठ मोजायला आलेला पाहुणा,
दर वेळी घड्याळाकडे बघतो.

आजची हाक वरच्या पट्टीतली होती.
मावळतीला शुक्र आणि गुरू
शेजारी शेजारी, इतके
की तिनं विचारलं, "भांडतायत की सोयरीक जमलीय?"

पेर्देबाय मोयनाकचा जुना सुकाणूवाला.
समुद्र निघून गेला, सवय हातात राहिली:
चहाचा पियालासुद्धा तो दोन्ही हातांनी
जरासा डावीकडे वळवून धरतो.
काही बोलला नाही. बूट चढवले
आणि आम्हाला कड्यावर घेऊन गेला,
जिथून एकेकाळी पाणी सुरू व्हायचं.

खाली वाळूत गंजलेल्या बोटी.
"त्या दोन बघ. नाकाला नाक लागलंय?"
लागलं होतं.
"पहिलीला हात लाव, मग दुसरीकडे चाल."
झीवार पळत गेली, पहिलीपाशी थांबली,
मग चालत राहिली,
चालतच राहिली,
दुसरीला टेकली तेव्हा
शेंगदाण्याएवढी उरली होती.

धापा टाकत परतली, बुटांत वाळू, ओठांवर मीठ.
म्हाताऱ्यानं खिशातून झागारा काढली
(ज्वारीची भाकरच ती, नाव तेवढं परकं),
डोळ्यांच्या रेषेत आडवी धरली.
"ग्रह सगळे या एकाच भाकरीवर फिरतात.
आपणसुद्धा.
वरून बघितलंस तर केवढी मोकळी जागा!
पण आपण पडलो काठावरची मुंगी.
काठावरून भाकर म्हणजे नुसती रेघ.
रेघेवर चालणारे एकमेकांच्या मागेपुढे येणारच.
शुक्र आतल्या वाटेनं, हलक्या पायाचा.
गुरूला एका फेरीला बारा वर्षं."
मग त्यानं ती रेघ मोडून तिघांत वाटली.

मला राहवलं नाही. म्हणालो,
शुक्राचा हा उजेड अकरा मिनिटांपूर्वी निघालाय,
गुरूचा पाऊण तासापूर्वी.
तेव्हा तू भात खात होतीस.
ती चावायची थांबली.
"म्हणजे एका वेळी दिसतात,
पण एका वेळचे नाहीत?"

वायव्येला, समुद्राच्या तळावर,
वायूच्या विहिरीची ज्योत जळत होती.
तिथे तिचा बाप. पंधरा दिवसांची पाळी.
अंधारातून एक दिवा हलत आला,
ज्योतीला भिडला,
दोन्ही मिळून एकच झाले.
झीवार चवड्यांवर उभी राहिली.
कुणी काही बोललं नाही.

मग दिवा ज्योतीतून सुटला,
फटफटीचा आवाज झाला,
आणि शेजारचा उतेपबेर्गेन
कोळंबीच्या अंड्यांचं ओलं पोतं बांधून
मान हलवत आमच्यावरून गेला.
वास बराच वेळ रेंगाळला.
ज्योत होती तिथंच होती.

"उद्या?" तिनं विचारलं.
"उद्या बोटभर लांब."
"आणि बाबा येईल तेव्हा?"
म्हाताऱ्यानं हात लांब केला,
आभाळावर मूठ ठेवली.
"नऊ दिवसांत एवढे."

तिनं एक डोळा मिटला.
अंगठा उचलला, पुढे धरला
आणि शुक्र-गुरू दोघांना त्याच्याआड घेतलं.
वारा खारट, बोचरा.
हात थरथरू लागला तरी खाली येईना.

"आता," ती म्हणाली.

हाक होती की दुसरं काही, कळलं नाही.
मी घड्याळाकडे बघितलं नाही.