सामान सांभाळणारी

प्रत्येक सहलीला खाली थांबणारं एक माणूस लागतं.
आमच्या ऑफिसात ती मी.
सात पर्स, तीन चष्मे, एकदा तर कुणाची कवळीसुद्धा,
ओल्या टॉवेलांचं गाठोडं
आणि मांडीवर फिलोमिनाच्या केकचा डबा,
सरळ धरायचा, तिरका नको.
"तू बस गं, तुला नाहीतरी गरगरतं."
मी बसते.
उपयोगी पडण्याइतकी चांगली लपायची जागा
मला दुसरी सापडली नाही.

टेबल माझं जन्म-मृत्यू नोंदणीचं.
'मृत्यूचे कारण' हा रकाना रोज माझ्या हाताखालून जातो,
त्यात काय काय लिहिलेलं असतं
ते पाळण्यात बसणाऱ्यांना ठाऊक नसतं.

यंदा गोराईच्या खाडीपलीकडचं पार्क ठरलं.
लाँचमधून उतरलो, सुकटीचा वास अंगावर घेत चालत गेलो,
आणि तिकिटाच्या खिडकीशेजारी बघते तर
पिवळी कपाटं, ओळीनं.
चावी मनगटाला बांधून देतात. भाडं चाळीस रुपये.

चाळीस रुपयांत
माझी बावीस वर्षांची नोकरी गेली.

रांगेत माझ्यामागे गवाणकर, आमचे शिपाई.
निवृत्तीला अकरा दिवस.
"मॅडम, माझीपण पहिलीच वेळ."
अहो, दरवर्षी तुम्ही जाता ना?
"छे! मी त्या उसाच्या रसवाल्याकडे जाऊन बसतो."

छातीवर दांडा आला.
बिल्ल्यावर 'हेरंब' लिहिलेला पोरगा म्हणाला,
मावशी, श्वास सोडा.
सोडला. खट्.
अजून सोडा. खट्.
इतका श्वास माझ्यात होता हे मला माहीत नव्हतं.

मग साखळी ओढायला लागली
आणि मला माहीमची जत्रा आठवली.
मी सात वर्षांची, पाळणा वर जाऊन अडकलेला,
खाली बाबा
पुडीतले शेंगदाणे एकेक सोलून खाताना,
गव्हाच्या दाण्याएवढे.
मी हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या.
त्यांनी वर पाहिलं नाही.
भोंगे वाजत होते, बँड होता, त्यांचा काय दोष.
उतरल्यावर विचारलं त्यांनी, मजा आली?
मी हो म्हटलं.
हे आजवर कुणाला सांगितलं नाही,
आता साखळीवर, खट् खट् खट्,
गवाणकरांना सांगितलं.
त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे, ते डोळे मिटून
मारुतीस्तोत्राच्या दुसऱ्याच ओळीत अडकले होते.

वर एक क्षण गाडी थांबते.
खारफुटी. पॅगोड्याचं सोनेरी टोक.
खाडीत आमचीच लाँच परत निघालेली.
पलीकडे बोरिवली, उन्हात पांढुरकी,
आणि त्यात कुठेतरी माझं टेबल, वरचा पंखा, रजिस्टर
कोरं
आणि

पोट मागे राहिलं.
आधी मी गेले, मग माझा आवाज आला.
गवाणकर साहेबांच्या नावानं ओरडत होते,
एकामागून एक, बदली होऊन गेलेल्या सगळ्या साहेबांच्या,
पुढे ते म्हणत होते ते इथे लिहिता येणार नाही.
आणि मी, एक्कावन्न वर्षांची, केस तोंडात,
ओरडत होते,
वर बघा! बाबा, वर बघा ना!

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली.
त्यांची नोंद मीच केली होती, माझ्या अक्षरात.

उतरले तेव्हा गुडघे माझे नव्हते.
भीती गेलीये का ते तपासलं,
जीभ फिरवून दुखरा दात तपासावा तसं.
होती जागेवरच.
तरी गवाणकर म्हणाले, "परत?"
आणि मी रांगेकडे वळले.

तिथे फोटो विकायला ठेवलेले असतात.
माझ्यात फक्त तोंड दिसतं, बाकी चेहरा त्याच्या मागे कुठेतरी.
दीडशे रुपये. घेतला.

परतीच्या लाँचमध्ये ज्याची पर्स त्याच्याकडे.
फिलोमिनाचा डबा रिकामा, पायाशी लोळत होता, तिरका.
मी बाकावर बसले होते
आणि हातांचं काय करायचं
ते धक्का येईपर्यंत मला सुचलं नाही.