यान अजून खोक्यात आहे

खोक्यावर बारीक अक्षरात छापलंय:
तळ सोबत दिलेला नाही.
म्हणजे यान मिळेल, दोनशे बारा तुकड्यांत,
ते उतरणार कुठं, ते तुमचं तुम्ही बघा.

तर मी बघतोय, होळीपासून.

फ्रिजच्या खोक्यातला थर्मोकोल,
त्यावर मूर्तीवाल्या बाविस्करांकडचं उरलेलं प्लास्टर.
मोठे खड्डे वाटीच्या बुडानं दाबले,
लहान पेनाच्या टोपणानं.
भुसावळचा मे महिना.
प्लास्टर कालवता कालवताच घट्ट होतं,
गोंद नळीच्या तोंडाशीच वाळतो,
पंखा लावला तर ग्रह उडतो
नाही लावला तर मी विरघळतो.

माती कुठली घ्यावी, यात दोन रविवार गेले.
तापीची वाळू चहाच्या गाळणीतून काढली, तरी जाड.
एकशे चव्वेचाळीसाव्या हिश्शाच्या जगात
वाळूचा कण म्हणजे वाटेत आडवा पडलेला धोंडा.
मग विटांच्या भट्टीवरून दीपनगरची राख आणली,
दुधाच्या पिशवीत.
करडी, मऊ, कशाचाच वास नसलेली.
पसरली, आणि बोट वरच्यावर थांबलं:
इथं अजून कोणी आलेलंच नाही
असं दिसायला लागलं होतं.

आईच्या बीपीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं: फरशी.
रिफिलच्या स्प्रिंगा: नळ.
केळीच्या सोपटाचा धागा काळा करून: केबल.
शेडच्या भंगारातली रिले उलटी ठेवली
तर थेट कंट्रोल रूम.
दिवाळीच्या माळेतले सात दिवे,
त्यातला एक आपोआप लुकलुकतो,
तो तसाच ठेवला. ड्युटीवर मी तो बदलला असता.

सुभान तडवी रात्रपाळी संपवून आला,
बूट बाहेर काढले,
उकिडवा बसला, डोळे तळाच्या पातळीला आणून,
जसा रूळ बघतो तसा.
'काय करी राह्यना रे भो?'
सांगितलं. हसला नाही.
'पानी कुठून जाईन?'
म्हटलं, तिथं पाऊसच नाही.
'बरं. पन तेल तर सांडन.
इतकं साफ यार्ड कुठं पाह्यलं तू?
आन् उतरल्यावर घरंगळू नये म्हनून
चाकाले काय लावशीन?'

चहा प्याला आणि झोपायला गेला.
अडीच महिन्यांत हे मला सुचलं नव्हतं.

त्या रात्री टूथपिकनं तेल सांडलं, थेंब थेंब,
जिथं इंजिन थांबेल त्याच्या जरा मागं.
जुनी रुळाची क्लिप कानशीनं घासली,
खरा गंज, खोट्या लोखंडावर.
काडेपेटीच्या काडीचे दोन गुटके, पिवळे रंगवलेले.

आणि गुटके लावायला कोणीतरी हवं.

तांब्याच्या तारेचा केला,
बोटाच्या अर्ध्या पेराएवढा, डोक्याला बाजरीचा दाणा.
त्यानं वर आभाळाकडे बघावं असं मनात होतं.
पण तार मानेशी वाकली
आणि तो जमिनीकडेच बघत राहिला,
चाक जिथं टेकेल नेमक्या त्या जागेकडे.
सरळ करायला चिमटा घेतला होता.
ठेवून दिला.

आज सकाळी कुमुद फडकं घेऊन टेबलाशी अडली.
'यातली तुमची धूळ कोणती
आणि आपली कोणती?'
खिडकी चिमणीच्या बाजूची.
एक राख मी पिशवीतून आणली,
दुसरी रोज चालत येते.
मी म्हटलं, डावीकडची पूस.
मग म्हटलं, राहू दे, तीही नको.

यान अजून खोक्यात आहे.
पंखाचा एक तुकडा आलाच नाही, पत्र पाठवलंय.
रात्री लाइट गेली की सगळी गल्ली काळी,
आणि टेबलावर सेलवर सात दिवे,
सहा स्थिर, एक लुकलुकता.
त्यात तो उभा, मान खाली.
वेळ त्याला कोणी कळवलेली नाही.
गुटके हातात आहेत.